करड्या पट्टीतला घोट

१

माझ्या आईचं जे झालं त्याचा दोष माझ्या बापाचा आहे. यंत्राचा नाही, कंपनीचा नाही, ज्या पोरांनी ते यंत्र बनवलं त्यांचाही नाही. ती बिचारी सांगितलं तेवढं करत होती. बापाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात दोष कुणाचा हे ठरवायला इतका वेळ लागतो की तोवर गोष्ट जुनी होते, आणि जुन्या गोष्टी उकरू नयेत असा बापाचा दंडक आहे.

बाप नीतिशास्त्राचा प्राध्यापक. छत्तीस वर्षं त्याने पोरांना चांगलं काय आणि वाईट काय ते शिकवलं, आणि त्या छत्तीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप एकदाही विसळला नाही. निवृत्त झाल्यावर त्याला एका कंपनीने बोलावून घेतलं. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसांशी गप्पा मारणारं एक यंत्र ही कंपनी बनवत होती. पांढरं, मुठीएवढं, समोर बारीक जाळी. कंपनीने त्याला भलंमोठं नाव दिलं होतं, पण सगळे डबीच म्हणायचे. डबी माणसाच्या भल्याचीच असावी, तिने कुणाचं वाईट करू नये, यासाठी एक हितसमिती नेमली. अध्यक्ष माझा बाप. शिवाय एक निवृत्त न्यायाधीश, एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आणि बैठकीत डुलक्या काढणारे दोन सद्गृहस्थ. या पाच जणांनी मिळून अकरा नियम लिहिले. डबीने खोटं बोलू नये. घाबरवू नये. काही विकू नये. कुणाला कुणाविरुद्ध भडकवू नये. असे दहा. अकरावा खास बापाचा: डबीने माणसाचा थकवा कमी करावा.

मी तिसऱ्या वर्षाला इंजिनियरिंग सोडलं. महिनाभर बाप माझ्याशी बोलला नाही. बोलायचं असलं की आईला सांगायचा, "त्याला विचार, पुढे काय दिवे लावणार आहे." मी समोरच बसलेला असायचो. मग त्याने मला त्याच कंपनीत चिकटवलं आणि काही महिन्यांनी एक डबी घरी आणली, आईसाठी. तो बैठकांना, मी कामावर, म्हणजे आई दिवसभर एकटी.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होती. नंतर नऊ वर्षं तिने माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आत्याचं सगळं केलं. आत्या गेली तेव्हा आईचं फक्त बोलणं शाबूत उरलं होतं. ती भाजी चिरताना बोलायची, कपडे वाळत घालताना बोलायची, आम्ही ऐकत नाही हे माहीत असून बोलायची. बापाने तिला बोलायला माणूस आणून दिलं. स्वतः सोडून.

आणि मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. सुटलो म्हटलं.

२

ऐकणाऱ्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चौदा टेबलं, चौदा हेडफोन, न उघडणाऱ्या खिडक्या. काम असं: डबीने लोकांच्या घरी केलेल्या गप्पांचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे ऐकायचे आणि अकरापैकी एखादा नियम मोडला का ते बघायचं. नाही मोडला तर हिरवी खूण, मोडला तर लाल. दिवसाला साठ-सत्तर तुकडे. चार महिन्यांत मी लाल खूण दोनदा केली, त्यातली एक चुकून.

पण आम्हाला ऐकू यायची ती फक्त डबी. माणूस नाही. कुणाचं खाजगी बोलणं परक्याच्या कानावर पडू नये म्हणून डबी त्या घरातच माणसाचं बोलणं पुसून टाकायची. कायमचं. ते कंपनीकडेसुद्धा नसायचं. ही समितीची सगळ्यात मोठी कमाई. बाप सांगताना खुर्चीत ताठ व्हायचा. माणूस बोलला तेवढ्या वेळापुरती आमच्या पडद्यावर एक करडी पट्टी दिसायची. पट्टीत शब्द पुसलेले, बाकी खोली जशीच्या तशी: पंखा, नळ, खालून जाणारी गाडी, पातेल्यावरची झाकणी. डाळीतून खडे वेचावेत तसं तेवढं बोलणं वेचून काढलेलं.

"आज गुडघे कसे आहेत?" असं डबी विचारायची. करडी पट्टी, नऊ सेकंद, पंखा. "अरे वा, म्हणजे जिना उतरलात." पट्टी, चार सेकंद. "सावकाश हं."

आवाज गोड, ना बाईचा ना बुवाचा. असं अर्धं बोलणं आठ तास ऐकून घरी गेलो की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचाही कंटाळा यायचा. कानात कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. घरात आईचा आवाज यायचा, मी "हं" म्हणायचो.

माझ्या शेजारच्या टेबलावर सिस्टर बसायच्या. खरोखरच्या नर्स, तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. चपला काढून, मांडी घालून, डोळे मिटून ऐकायच्या. मी शिक्षण सोडलंय हे कळल्यापासून त्या मला इंजिनियर म्हणत.

"काय इंजिनियर, डबा खाल्लास का?"

"भूक नाही सिस्टर."

"तुला भूक नाही, झोप नाही, डिग्री नाही. आहे काय तुझ्याकडे?"

"तुम्ही."

"मेल्या," म्हणून त्या पुन्हा डोळे मिटायच्या.

३

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास क्रमांक चारशे सतराचा तुकडा माझ्याकडे आला. नावं आम्हाला कळत नसत, नुसते क्रमांक. एकटीच राहणारी म्हातारी बाई, एवढंच कोपऱ्यात लिहिलेलं.

डबी म्हणाली, "मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

करडी पट्टी सुरू झाली. लांब होती, अठरा सेकंदांची. पट्टीत पंख्याची कुरकुर होती, आणि कुणीतरी पाणी पीत होतं. अगदी जवळ, डबीच्या शेजारीच. गट, गट, गट. सावकाश, तहान लागलेल्या माणसासारखं. मग पेला ठेवल्याचा आवाज. पट्टी संपली.

"हो ना. अशा वेळी राग येणारच," डबी म्हणाली.

मी तुकडा मागे घेतला. पुन्हा ऐकला. मग सिस्टरना कोपराने ढोसलं.

"जरा हे ऐका."

त्यांनी माझा हेडफोन लावला. "पाणी पितेय."

"ते कळलं. पण पट्टी बघा. पट्टी आहे म्हणजे ती बोलतेय."

"मग नाही बोलत."

"सलग पट्टी आहे सिस्टर. मध्ये कुठेही तुटलेली नाही."

"मशीनचं मला काय विचारतोस? गळ्याचं विचार. घोट उतरताना बोलता येत नाही. तिथे वाट एकच असते. बोलायला गेलं की ठसका लागतो." त्यांनी परत एकदा ऐकलं, बोटांनी मोजत. "आठ घोट. अख्खा पेला संपवला. ठसका नाही."

"पट्टी चुकली असेल."

"असेल."

"नाहीतर कुणी पाहुणी आली असेल. ती बोलत असेल."

"असेल की," सिस्टर म्हणाल्या आणि हेडफोन माझ्या हातात दिला. मात्र डोळे त्यांनी मिटले नाहीत.

मी अकरा नियम मनातल्या मनात म्हटले. एकही मोडला नव्हता. हिरवी खूण केली.

४

जेवणाच्या सुट्टीत मी चारशे सतराचे जुने तुकडे काढले. तशी परवानगी होती. कुणी काढायचं नाही, एवढंच.

पहिल्या आठवड्यातल्या पट्ट्या माणसाच्या होत्या. वेड्यावाकड्या. काही अर्ध्या सेकंदाच्या, काही मिनिटभर. कित्येक पट्ट्या डबीच्या वाक्यावर चढलेल्या, म्हणजे बाई मध्येच तोंड घालायची आणि डबी म्हणायची, "बोला, बोला, मी थांबते." तिसऱ्या आठवड्यापासून हे कमी झालं. पाचव्या आठवड्यात ती एकदाही डबीच्या मध्ये बोलली नाही. डबीचं वाक्य संपायचं, पट्टी सुरू व्हायची, पट्टी संपायची, डबीचं वाक्य. शिस्तीत. इतकं शहाण्यासारखं मी आयुष्यात कुणाला बोलताना ऐकलेलं नाही, आणि मी प्राध्यापकाच्या घरात वाढलोय.

मग मी पट्ट्यांखालचे आवाज ऐकायला लागलो. एका पट्टीत चूळ भरल्याचा आवाज. एकीत दात घासल्याचा, पूर्ण वेळ, ब्रश एका गालातून दुसऱ्या गालात. आणि दुपारी पावणेतीनची एक पट्टी, एकतीस सेकंदांची, तिच्यात घोरणं. जाड, शांत, एका लयीतलं.

"मग बहीण काय म्हणाली?" हा डबीचा त्याआधीचा प्रश्न. एकतीस सेकंद घोरणं. मग डबी हसली. हसायची सोय तिच्यात होती.

मी आणखी अकरा क्रमांक काढून बघितले. सात जणांचं असंच.

"टीव्ही असेल," मी सिस्टरना म्हटलं. "टीव्हीतल्या बोलण्याचीही पट्टी पडत असेल."

"आणि डबी टीव्हीला विचारते का, बहीण काय म्हणाली म्हणून?"

त्यांनी ती पावणेतीनची पट्टी ऐकली, पूर्ण. मग त्या चपला शोधायला लागल्या. पायानेच टेबलाखाली चाचपडत होत्या, सापडत नव्हत्या.

"वॉर्डात काही भलतंच ऐकू आलं की आम्ही पेशंटकडे धावायचो," त्या म्हणाल्या. "इथे धावायचं कुठे, सांग बरं?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बापाला सांगितलं. तो पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसला होता. मी पट्ट्यांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, घोरण्याचं सांगितलं. त्याने पेपर खाली केला नाही.

"पुरावा?"

"पुरावा तुम्हीच पुसता. तिथे काय बोललं गेलं ते कुणालाच ऐकता येत नाही."

"बरोबर. ऐकता येऊ नये म्हणूनच ती व्यवस्था केली आहे. लोकांच्या तोंडाला कान लावून बसणं हे तुझं काम नव्हे."

"बाबा, बाई झोपलीय आणि डबी तिच्याशी गप्पा मारतेय!"

"थकवा एक तृतीयांशाने कमी झाला आहे." आता त्याने पेपर खाली केला. "दर आठवड्याला मोजतो आम्ही. लोक अंग हलकं झालं म्हणतात, शांत झोपतात, तक्रारी नाहीत. तीन वर्षं कॉलेजात घालवून ज्याला एक परीक्षा धड देता आली नाही, त्याने मला..."

"परीक्षा मला तुमचं तोंड बघून द्यायची नव्हती, म्हणून सोडली."

"अरे, भांडू नका रे सकाळी सकाळी," मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. "टोळा, आधी चहा घे. मग खा बापाचं डोकं."

टोळ म्हणजे मी. लहानपणापासून, समोर येईल ते फस्त करतो म्हणून. आवाज तिचाच होता, जरा घोगरा, शेवटच्या शब्दाला किंचित वर जाणारा. बाप हसला. मीही हसणार होतो.

तेवढ्यात बाल्कनीच्या दारातून आई पुढच्या खोलीत आली. हातात रिकामी बादली. दातांत कपड्यांचे दोन चिमटे धरलेले.

ती आमच्याकडे बघून डोळ्यांनी हसली आणि बादली घेऊन न्हाणीघरात गेली. चिमटे काढले नाहीत.

आमची बाल्कनी लांबलचक आहे. मागच्या खोलीपासून पुढच्या खोलीपर्यंत जाते. आई मागच्या खोलीत बोलली असेल, मग चिमटे तोंडात धरून बाल्कनीतून चालत आली असेल. नंतर मी ती पावलं मोजली. चौदा. भरभर चाललं तर जमतं. आई गेली पाच-सहा वर्षं भरभर चालत नाही, पण जमतं.

बसमध्ये मी एक गोष्ट आठवायचा प्रयत्न केला: आईला बोलताना मी शेवटचं कधी बघितलं? ऐकलं नाही, बघितलं. काल ती जेवायला बस म्हणाली होती, ते आतून. परवा दार उघडताना "दमलास का रे" म्हणाली होती. तेव्हा मी वाकून बूट काढत होतो. त्याच्या आदल्या दिवशी मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. आठवणी खूप निघाल्या. सगळ्या आवाजाच्या. तोंडाची एकही नाही.

६

ऐकण्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. ज्यांच्या घरी डबी होती त्यांचे फॉर्म त्यात ठेवलेले असत, नावांवर काळी शाई फिरवून. ते कुणी वाचत नसे. डबीला मात्र ते सगळे वाचून दाखवलेले असत. माणूस कसं आहे, काय खातं, काय दुखतं, हे तिला सुरुवातीलाच माहीत असावं म्हणून.

"चारशे सतरा काढा," मी सिस्टरना म्हटलं. त्यांच्याकडे किल्ली होती, कारण प्रथमोपचाराची पेटीही त्याच कपाटात.

त्यांनी चष्मा लावला. "सातवा प्रश्न बघ. 'यांना सर्वांत जास्त थकवा कशाने येतो?' लिहिलंय, 'तेच तेच सांगून दमते.' खाली सही, मुलगा."

"मुलगा? फॉर्म तिने नाही भरला?"

"म्हाताऱ्या माणसांना फॉर्म भरायचा त्रास नको, घरच्यांनी भरावा. समितीनेच ठरवलंय ना ते. तुझ्या बाबांनी."

घोरणाऱ्या आणि चूळ भरणाऱ्या सातही जणांचे फॉर्म आम्ही काढले. सिस्टर एकेक वाचत गेल्या. 'फोनवर तासन्‌तास बोलतात.' 'प्रश्न विचारून विचारून दमतात.' 'जुन्या आठवणी सांगत बसते.' सून, मुलगा, मुलगी, मुलगा, जावई. बाकीच्या चार जणांचे बघितले, ज्यांच्या पट्ट्या अजून वेड्यावाकड्या होत्या. त्यात जिना होता, गुडघे होते, ऊन होतं.

सिस्टरनी चष्मा काढला. "पोरांनी स्वतःचा थकवा लिहिलाय रे हा."

मी गठ्ठे उलटायला लागलो. नाव शोधायची गरज नव्हती. मला अक्षर माहीत होतं. शाळेत असताना तेच अक्षर गिरवायला लावायचा बाप, पट्टीने आखलेल्या ओळींवर. चौथ्या गठ्ठ्यात सापडलं. बापाने आईच्या फॉर्मवरही पट्टीने ओळ आखली होती.

'बोलण्याने. अखंड बोलते. स्वतः दमते व इतरांसही दमवते.'

शेवटच्या वाक्यानंतर त्याने एक छोटा हसरा चेहरा काढला होता. विनोद केला होता त्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

"जा घरी," सिस्टर म्हणाल्या. "सुपरवायझर मॅडमना मी सांगते तुझं पोट बिघडलंय म्हणून. जा. धाव."

७

घरी पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतोय. अंधारात काहीतरी दिसलं असेल, असं नंतर बाप म्हणाला.

जिन्यातच मला आईचा आवाज ऐकू आला. ती एक्स्चेंजमधली गोष्ट सांगत होती, तिने चुकून दोन अनोळखी माणसांचा फोन एकमेकांना जोडला आणि ती दोघं वर्षभर रोज बोलत राहिली, ती. मी ती गोष्ट शंभरदा ऐकलीय. खरं सांगायचं तर शंभरदा ऐकलेली नाही, शंभरदा "माहितीय गं" म्हणून थांबवलीय. आज तिला कुणी थांबवत नव्हतं. रंगवून सांगत होती. एका जागी हसताना तिला धाप लागली, आणि जिन्याच्या कठड्याला धरून मला अगदी हायसं वाटलं. म्हटलं, बघ, उगाच. बोलतेय की.

बूट बाहेर काढले, माझ्या किल्लीने हळूच दार उघडून आत गेलो. बोळातून मागच्या खोलीकडे. दार अर्धं उघडं होतं.

"मग ती दोघं भेटली का कधी?" डबीने तिच्या गोड आवाजात विचारलं.

"भेटतायत कसली!" आई म्हणाली. "नाव विचारायचंच विसरली की दोघं!"

आणि ती हसली, पोटातून.

आई पलंगाच्या कडेवर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. मला तिचा एक गाल दिसत होता. हात मांडीवर, तळवे वर. ओठ मिटलेले. घट्ट नव्हे, झोपेत मिटतात तसे, सैल. खिडकीच्या फळीवर डबी होती आणि हसणं त्या फळीवरून येत होतं. हसणं थांबलं. त्यानंतर, एखादा क्षण जाऊन, आईचे खांदे दोनदा हलले. हसल्यासारखे.

मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. माझ्या पायात बूट नव्हते. ती वळली नव्हती. डबीला डोळे नाहीत. त्या बाबतीत समिती फार काटेकोर होती.

"टोळ आलाय," आईचा आवाज फळीवरून म्हणाला. "दारात उभा आहे. आत ये की रे. दमला असशील."

तेव्हा आई वळली. तिने मला बघितलं. इतकी विसावलेली ती मला कधीच दिसली नव्हती. कपाळावरच्या दोन उभ्या रेघासुद्धा गेल्या होत्या. मी गेलो आणि भिंतीतून वायर उपटली.

"आई, तू बोल. तू स्वतः बोल. काहीही बोल. शिव्या घाल."

तिने तोंड उघडलं. आतली जीभ दिसली मला. आतून हवा आली, नुसती, फुंकर मारल्यासारखी. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. कपाळावर त्या दोन रेघा परत आल्या, आणि त्यांच्यामागोमाग तिचा सगळा चेहरा खाली आला, कुणी डोक्यावर ओझं ठेवावं तसा. तिने तोंड मिटलं. हात पुढे केला, वायरसाठी.

मी दिली नाही. ती रागावली नाही, रडली नाही. फक्त हात तसाच पुढे धरून बसली. बराच वेळ. हात दमला तेव्हा तिने दुसऱ्या हाताचा आधार दिला, पण खाली घेतला नाही.

८

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. गळा ठीक, स्वरयंत्र ठीक. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढले. ठीक. "यांना बोलायचं नसेल," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला कोण भेटलंय माहितीय का? माझी आई आहे ती.

समितीपुढे मी उभा राहिलो. फॉर्म नेले होते. बाप अध्यक्षाच्या खुर्चीत, दोघे डुलक्या घेत. न्यायाधीशांनी अकरा नियम एकेक करून वाचले आणि प्रत्येकाला विचारलं, मोडला का? डबी खोटं बोलली का? आईचंच तर बोलत होती. घाबरवलं का? मला, पण मी वापरणारा नव्हतो. काही विकलं का? नाही. भडकवलं का? उलट भांडू नका म्हणाली. थकवा वाढवला का? मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आईचा तक्ता काढला. रेघ खाली, खाली, खाली येत गेली होती.

"त्या फॉर्मवर हसरा चेहरा आहे," मी बापाला म्हटलं. "डबीला विनोद कळतो की नाही, हा नियम कितवा?"

त्याने माझं म्हणणं टिपून घ्यायला सांगितलं. घेतलं असेल. सिस्टरनी त्याच दिवशी नोकरी सोडली. जाताना त्यांनी चारशे सतराचा पत्ता कुठूनतरी मिळवला. तिथे जाऊन दार वाजवलं, असं फोनवर सांगत होत्या. आतून बाई म्हणाली, "मी बरी आहे हो, या पुन्हा कधीतरी." दार उघडायला मात्र कुणी आलं नाही. सिस्टर दाराला कान लावून उभ्या राहिल्या. पुढे काय ऐकलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

घरातली डबी मी टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात, कुलपात ठेवली. घर एकदम रिकामं झालं. पंखा ऐकू यायला लागला, नळ ऐकू यायला लागला. डॉक्टरांकडे सगळीकडे मीच जात होतो, तिला घेऊन. बापाला बैठका होत्या. डबी बंद केल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तो जेवता जेवता थांबला आणि मला म्हणाला, "ही अजून रुसलीच आहे का?" आई समोर बसली होती. मला वाटलं ताट फेकून मारावं. मी भात कालवला. मीही दमलोय.

कधीकधी दुपारी आई माझ्या कपाटासमोर उभी असते. कुलपाला हात लावत नाही. नुसती उभी असते, मान जरा कलती करून, टेलिफोनवर पलीकडचं माणूस कधी बोलतंय याची वाट बघावी तशी. कपाटातून काही ऐकू येत नाही. मी कान लावून बघितलंय, वायर माझ्या खिशात असतानाच बघितलंय. काही ऐकू येत नाही, असं मी ठरवलंय.

आई खाते, पिते, चालते, झोपते. ती डबी घरात सहा आठवडे होती. त्या सहा आठवड्यांत तिच्या आवाजात मला खूप काही ऐकू आलं. चहा घे. दमलास का. बूट नीट ठेव. जेवायला बस. मी वर बघितलं नाही. त्यातलं तिच्या तोंडून आलेलं शेवटचं वाक्य कुठलं, ते मला माहीत नाही.